वारो खंयसून येता?

दिवस पहिला, शुक्रवार

गोव्याच्या क्रूझ बोटीत चढण्याआधी मुंबईत बॅलार्ड पिअरवर सामान तपासताना आमची प्रवासातली इलेक्ट्रिक किटली काढून घेतली आणि भाऊजींचा लायटर मात्र त्यांच्या खिशातच राहिला. किटलीने आग लागते म्हणे. इस्त्री, किटली, एक्स्टेन्शनची वायर, सगळं बाहेर. पिवळं टोकन हातात दिलं आणि उतरताना घेऊन जा म्हणाले. मी म्हटलं, "अहो, मग लायटर?" तर तो मुलगा हसला. "सिगरेट ओढायला जागा दिलीय ना मॅडम, पेटवायला नको?" यावर काय बोलणार!

आम्ही चौघं. सासूबाई, वय ७७, मूळ मालवणच्या, दम्याच्या. आमचे हे. यांचे थोरले भाऊ, म्हणजे भाऊजी, एसटीतून चालक म्हणून निवृत्त झालेले आणि दिवसाला दहा सिगरेटी ओढणारे. आणि मी. मुंबई-गोवा-मुंबई, तीन रात्री. आईंची एकच इच्छा होती, मरायच्या आधी एकदा बोटीने मालवणवरून जायचं. आता मालवणला बोट लागत नाही, लांबून गेली तरी चालेल म्हणाल्या. तिकिटांचे पैसे जपून लावले. आई आणि मी बाल्कनीच्या केबिनमध्ये, हे आणि भाऊजी समोरच्या बिनखिडकीच्या केबिनमध्ये. बाल्कनी डाव्या हाताला, म्हणजे खाली जाताना किनाऱ्याकडे तोंड करून. हे मी मुद्दाम मागून घेतलं होतं.

आत शिरल्यावर लिफ्ट, झुंबर, गालिचा बघून आईंनी निकाल दिला, "ही बोट खंयची, ह्या हाटेल आसा."

त्यांची बोट म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी, हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड करत मालवण-वेंगुर्ल्याला पोचणारी. लग्न होऊन पहिल्यांदा त्या 'कोकण सेवक'वरून आल्या. डेकवर ज्याची ट्रंक आणि पडशी जिथे पडली, तिथे त्याचं घर. बिछाना पसरायचा, उशाला ट्रंक, पायाशी फणस किंवा कोंबड्यांची टोपली. बंदरात बोट धक्क्याला लागायचीच असं नाही. पडाव, म्हणजे लहान होडी, यायचा, खलाशी बायकांना आणि पोरांना हात धरून उतरवायचे. ज्यांना बोट लागायची त्यांना लिंबू हुंगायला द्यायचे. विड्या तर सगळेच ओढायचे. मी विचारलं, धुराचा त्रास नाही व्हायचा? तर म्हणाल्या, ओकाऱ्यांचा वास त्याहून वाईट, धूर तरी वाऱ्याबरोबर जायचा.

सुटायच्या आधी आपत्कालीन कवायत. सात छोटे भोंगे, एक लांब. सगळ्यांनी ठरलेल्या जागी जमायचं, लाइफ जॅकेट कसं बांधायचं ते बघायचं. निम्मे लोक मोबाइलमध्ये. आई मात्र बंद कसा ओढायचा ते दोनदा विचारून घेत होत्या. त्यांच्या माहेरी 'रामदास' बोटीचं नाव निघालं की अजूनही बोलणं थांबतं. १७ जुलै १९४७, गटारी अमावास्येच्या सुमाराची गर्दी, रेवसला निघालेली बोट काश्याच्या खडकाजवळ उलटली आणि ६००च्या वर माणसं गेली. आईंचा जन्म त्यानंतरचा, पण ती गोष्ट ऐकतच वाढल्या.

कवायतीनंतर एका अधिकाऱ्याने नियम सांगितले. केबिनमध्ये सिगरेट नाही, बाल्कनीत नाही, जेवणाच्या जागी नाही. वरच्या डेकच्या मागच्या टोकाला डाव्या बाजूला एक कोपरा, तेवढाच. थोटूक समुद्रात टाकायचं नाही. ते वाऱ्याने परत येऊन खालच्या मजल्यावर पडतं, हे एक. आणि सिगरेटच्या फिल्टरमध्ये कापूस नसतो, सेल्युलोज अ‍ॅसिटेट असतं, म्हणजे प्लास्टिकच. समुद्रात प्लास्टिक टाकायला आंतरराष्ट्रीय कराराने बंदी आहे. केबिनमध्ये पलंगावर ठेवलेल्या पत्रकात हेच लिहिलं होतं, आणि खाली, नियम मोडला तर साफसफाईचा म्हणून जो आकडा दिला होता तो वाचून भाऊजी म्हणाले, "एवढ्यात गावचं घर शाकारून होईल."

जमिनीवर हाच गुन्हा स्वस्त आहे. सार्वजनिक जागी धूम्रपान बंद करणारा कायदा २००३ चा, देशभर कडक नियम लागू झाले २ ऑक्टोबर २००८ पासून, गांधीजयंतीचा मुहूर्त साधून. दंड फार तर २०० रुपये. भाऊजींनी तीस वर्षांत तो कुणाला भरताना पाहिला नाही. "गाडीत 'धूम्रपान करू नये' ही पाटी माझ्या डोक्यावरच असायची," ते म्हणाले. "आणि पाटीखाली मी."

संध्याकाळी सुटलो. प्रोंग्जचं दीपगृह मागे पडलं, मग अंधारात खांदेरी असावं असा एक दिवा. रात्री बोट वेगात बाहेरच्या समुद्राकडे निघाली, कारण कॅसिनो किनाऱ्यापासून ठराविक अंतरावर गेल्याशिवाय उघडत नाही आणि कॅसिनोत बसायला आलेल्यांना धीर नसतो.

एकच्या सुमाराला आईंना खोकल्याची उबळ आली. बाल्कनीचं दार बोटभर उघडं ठेवलं होतं, एसीने त्यांना गारठायला होतं म्हणून. मी उठले तर खोलीत सिगरेटचा वास. समोरून भाऊजी आले की काय असं वाटून दार उघडलं, कॉरिडॉर रिकामा. इनहेलरचे दोन पफ घेऊन आई उठून बसल्या आणि बाल्कनीकडे बघत म्हणाल्या, "वारो खंयसून येता ता बघ आदी." वारा कुठून येतो ते आधी बघ, म्हणून.

मी बाहेर जाऊन तोंड इकडेतिकडे केलं. बोट पुढे पळत होती, त्यामुळे वारा पुढून मागे. सोसाट्याचा.

"मग पुढल्या खोलीतलो धूर हा. मागल्याचो आपल्याकडे कसो येतलो?"

दार लावून घेतलं. झोप गेलीच.

दिवस दुसरा, शनिवार

सकाळी आईंची मशेरी. हा विषय मला टाळता येणार नाही, कारण मग मी पुढे जे लिहिणार ते अर्धं खोटं होईल. आई रोज पहाटे मशेरी लावतात. घरी तव्यावर तंबाखू काळा होईपर्यंत भाजतात, कुटतात, चाळतात आणि गोळ्यांच्या जुन्या डबीत भरून ठेवतात. बोटावर घेऊन पंधरा मिनिटं दात घासणं चालतं. डॉक्टर बंद करा म्हणून सांगून थकले. भाजताना आख्ख्या मजल्यावर ठसका उठतो. पण बोटीवर आणलेली भाजलेली, तिचा ना धूर ना ठिणगी. "ह्येका धूर खंय आसा?" या एका वाक्यावर त्या पंधरा वर्षं जिंकत आल्या आहेत. केबिन साफ करणाऱ्या गोव्याच्या मुलाने बेसिनमधला काळा ओघळ पाहिला आणि कोंकणीत म्हणाला की त्याची आजीही लावते. झालं. त्यानंतर तो फक्त आईंशीच बोलायचा.

मशेरी आटोपून आई बाल्कनीतल्या खुर्चीवर वाळत घातलेलं पातळ आणायला गेल्या. रात्री त्यांनी ते स्वतः खळबळून टाकलं होतं. पदराच्या काठाजवळ एक भोक. तिळाएवढं. कडा तपकिरी, कडक, नखाने खरवडली तर चुरा झाला. जाळलेल्या सुताचा वास येतो तो. नशीब, तेवढ्यावर थांबलं. पातळाने पेट घेतला असता तर?

मी पातळ घेऊन तडक रिसेप्शनला. तिथल्या मुलीने शांतपणे ऐकून घेतलं, सुरक्षेच्या माणसाला बोलावलं. तो आला, भोक पाहिलं, फोटो काढला, आमच्या बाल्कनीत येऊन उभा राहिला आणि त्याने पहिला प्रश्न विचारला तो असा, "मॅडम, साडी इथे वाळत का घातली होती?"

बाल्कनीत कपडे वाळत घालायला बंदी आहे. पत्रकात होतं, तिसऱ्या ओळीत. मी सिगरेटची ओळ तेवढी वाचली होती.

माणूस समजूतदार होता, तोडून बोलला नाही. त्याने सांगितलं की बाल्कनीचा नियम वासासाठी नाही, आगीसाठी आहे, आणि प्रत्येक प्रशिक्षणात त्यांना 'स्टार प्रिन्सेस'ची गोष्ट शिकवतात. यांनी नंतर शोधून वाचलं. २३ मार्च २००६, कॅरिबियन समुद्र, जहाज जमैकाकडे निघालेलं, पहाटे तीनची वेळ. एका बाल्कनीत आग लागली, बहुधा टाकून दिलेल्या सिगरेटने, असं ब्रिटिश तपास यंत्रणेने म्हटलं. बाल्कन्यांमधल्या आडभिंती पॉलिकार्बोनेटच्या, खुर्च्या प्लास्टिकच्या, वर समुद्राचा वारा. दहा मिनिटांत आग वरच्या मजल्यांवर. एक प्रवासी दगावला, ७९ केबिन पार निकामी झाल्या. त्यानंतर बाल्कनीत काय सामान वापरायचं, तिथे आग ओळखणारी आणि विझवणारी यंत्रणा कशी असावी, याचे जगभरच्या जहाजांचे नियम बदलले. मी वर पाहिलं. आमच्या बाल्कनीच्या छतात पाण्याच्या फवाऱ्याची एक छोटी पितळी तोटी होती. काल तिच्याकडे माझं लक्षही नव्हतं.

पुढल्या केबिनला ते फोन करणार होते. पण कुणाला हातात सिगरेट घेतलेलं पाहिल्याशिवाय पैसे लावता येत नाहीत, हेही त्याने सांगितलं. ते मला पटलं, आणि रागही आला.

दुपारी वर डेकवर गेलो. पोहण्याच्या तलावाभोवती आडव्या खुर्च्या साठ-सत्तर, प्रत्येकीवर निळा टॉवेल, माणूस एकीवरही नाही. लाल डब्यात खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची आपली पद्धत इथे टॉवेल होऊन आली आहे. फरक एवढाच की एसटीत रुमालवाला निदान त्याच स्टँडवर असतो, इथे टॉवेलवाला खाली तिसऱ्या मजल्यावर जेवत असतो. भाऊजींनी दोन टॉवेल उचलून घडी करून टेबलावर ठेवले आणि आईंना बसवलं. तासाभराने टॉवेलवाली बाई आल्या, आईंकडे पाहिलं, काही न बोलता दुसरीकडे गेल्या. सत्त्याहत्तर वर्षांचं वय असं कधी कधी उपयोगी पडतं.

मग मी तो कोपरा बघायला गेले. मी स्वतः कधी ओढली नाही, तरी बघायचा होता. लोखंडी कठड्याला लागून सात खुर्च्या. मधे वाळूने भरलेलं स्टीलचं उभं नळकांडं, वर भोकांचं झाकण, राख उडू नये म्हणून. नळकांड्याभोवतीच्या लाकडी फळ्यांवर काळे ठिपके, सगळे तिळाएवढे. पातळावरच्या भोकाचा नमुना तिथे शंभरदा काढून ठेवला होता. बाजूला आग विझवायच्या पाइपची लाल पेटी, आणि त्या पेटीच्या आडोशाला वाकून भाऊजी लायटर ओढत होते. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. वारा पेटवू देईना. शेवटी लातूरकडच्या एका डाळ व्यापाऱ्याने आपल्या कोटाची बाही आडवी धरली आणि पेटली. पाच मिनिटांत त्या दोघांना एकमेकांच्या मुलांची लग्नं, गुडघे आणि तुरीचा भाव माहीत झाला. तीन दिवसांत मी अख्ख्या बोटीवर अनोळखी माणसं इतकी मोकळी बोलताना कुठे पाहिली असतील तर त्या सात खुर्च्यांवर. जेवणाच्या हॉलमध्ये प्रत्येक कुटुंब आपापल्या टेबलाभोवती तटबंदी करून बसलेलं.

एक पाहिलं. सातही खुर्च्यांवर पुरुष. उभे होते तेही.

समुद्रावरून येणारा खारा वारा पश्चिमेचा. आम्ही दक्षिणेला चाललो होतो, म्हणजे कोपरा वाऱ्याच्या पलीकडच्या अंगाला. धूर निघायचा तो सरळ किनाऱ्याकडे. ज्याने जागा ठरवली त्याला वाऱ्याचं कळतं, असं मी मनात म्हटलं. घाई केली.

रात्री मी जागी राहिले. साडेबाराच्या पुढे पुन्हा तोच वास. बाल्कनीत जाऊन कठड्यावरून वाकून पुढे पाहिलं. आडभिंतीच्या पलीकडे कठड्याबाहेर आलेला एक हात, मनगटावर हिरव्या बांगड्या, मेंदी फिकी होत आलेली, बोटांत सिगरेट. टोक लाल झालं, आणि राख झटकली तशी एक ठिणगी माझ्या कानावरून मागे गेली.

"अहो, इकडे येतंय," मी म्हणाले. हात आत गेला.

मग थोड्या वेळाने चेहरा आला. पंचविशीची मुलगी. "सॉरी मावशी," म्हणाली, आणि त्या मराठीने माझा निम्मा राग गेला. डोंबिवलीची, लग्नाला चार महिने झालेले. नवऱ्याला माहीत आहे, सासूबाईंना नाही, आणि सासू-सासरे शेजारच्याच केबिनमध्ये. मी पातळाचं सांगितलं. तिचा चेहरा खरंच उतरला. पैसे देते म्हणाली. मी आगीचं सांगितलं, जमैकाच्या जहाजाचं सांगितलं. वर कोपरा दिलाय ना, तिथे का जात नाहीस, असंही.

"गेले होते ना काल संध्याकाळी. अकरा जण होते. सगळे बोलायचे थांबले. एकाने मोबाइल वर धरला. फोटो काढला की नाही माहीत नाही. मी परत आले."

यावर माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. रिसेप्शनला सांगणार नाही, पण बाल्कनीत पुन्हा पेटवलीस तर सांगेन, एवढं म्हटलं. मागे वळले तर आई पलंगावर उठून बसलेल्या, सगळं ऐकलेलं.

"चेडू कोणाचा ता?" मुलगी कुणाची ती, म्हणून.

दिवस तिसरा, रविवार

दुपारी बाराला मुरगावला लागलो. पाच तास हातात. टॅक्सीने पणजी, फेरीच्या धक्क्याजवळ आईंना उभं करून फोटो, एका खानावळीत सुंगटाची कढी आणि भात, परत. उन्हाचा तडाखा. गोव्याबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं काही झालं नाही. टॅक्सीवाला मात्र गाडीत ओढू देईना. गोव्यात धूम्रपान आणि थुंकण्याविरुद्धचा स्वतःचा १९९७ चा कायदा आहे, देशाच्या कायद्याच्या आधीचा. त्याने तो अभिमानाने सांगितला आणि पुढच्याच वळणावर खिडकीतून पान थुंकला.

पाचला बोट सुटली, आणि उत्तरेला तोंड केल्यावर सगळा हिशोब उलटला.

डावी बाजू आता पश्चिमेला आली. संध्याकाळचा खारा वारा डावीकडून, थोडा पुढून. कोपरा जिथे होता तिथेच, त्याची पाटीही तिथेच, पण धूर आता बाहेर जायच्या ऐवजी डेकच्या मागच्या अंगाने आडवा निघाला आणि चहाच्या टेबलांवर येऊन बसला. कांदाभजी घेऊन बसलेल्या एका कुटुंबातल्या वडिलांनी मागे वळून आवाज चढवला. लहान मूल होतं त्यांच्या मांडीवर. कोपऱ्यातला एक जण म्हणाला, आम्ही आमच्या जागेतच बसलोय, बोर्ड बघा.

"बोर्ड मी वाचला. धूर वाचतो का?"

दोन्ही बाजूंनी लोक उभे राहिले. बरोबर दोघांचंही होतं. एक वेटर, एक अधिकारी, आणखी एक अधिकारी असं करत शेवटी तोडगा निघाला तो असा की कोपरा हलला नाही, सहा टेबलं हलली. भजीवाले उचलून पुढे नेले. मला हे उलट वाटलं. पण हे म्हणाले, सात खुर्च्या आणि ते वाळूचं नळकांडं हलवायचं तर आगीच्या नकाशात जागा बदलावी लागेल, ते का वेटरच्या हातात आहे? असेल. मग नकाशा काढतानाच जाताना एक आणि येताना एक असे दोन कोपरे का नाही काढले?

त्याच गडबडीत तलावापाशी तीन पोरं पेनसारखी ई-सिगरेट ओढत होती, स्ट्रॉबेरीचा वास येत होता. २०१९ पासून आपल्याकडे तिची विक्री आणि साठवण दोन्ही बेकायदा आहे. वास गोड, म्हणून कुणी भांडलं नाही.

जेवण लवकर उरकून आईंना उजवीकडच्या डेकवर नेलं. शाल, मफलर, पायात मोजे. आठच्या सुमाराला वेंगुर्ल्याबाहेरच्या खडकांवरच्या दीपगृहाची उघडझाप दिसली. नवाच्या पुढे त्या कठडा धरून उभ्या राहिल्या ते हटेनात. लांब, फार लांब, दिव्यांची एक बारीक ओळ. मालवण असावं. सिंधुदुर्ग किल्ला अंधारात कुठला दिसायला. महाराजांनी १६६४ साली त्याचा पाया घातला तेव्हा त्या कुरट्या बेटावरून किनाऱ्याचे पलिते इतपत दिसत असतील. आई काही बोलल्या नाहीत. दहा मिनिटांनी म्हणाल्या, "राजकोटाकडे आमचो पडाव लागायचो," आणि मग, "चला. थंडी वाजता."

साडेबाराला आमच्या दारावर टकटक. शेजारची मुलगी, जीन्सवर स्वेटर, हिरव्या बांगड्या तशाच. "मावशी, तुम्ही याल का वर? दहा मिनिटं." मी आईंकडे पाहिलं. त्या जाग्याच.

"जा तू तेच्यावांगडा," आई म्हणाल्या. "आणि चेडवा, उद्यापासून सोड ता."

स्वतःची मशेरीची डबी उशाशी ठेवून हे बोलल्या, आणि त्या मुलीला ते माहीत नव्हतं म्हणून मी गप्प राहिले.

वर गेलो. मध्यरात्रीनंतर वारा फिरलेला. आता मतलई, जमिनीवरून समुद्राकडे जाणारा, गार, त्याला सुक्या गवतासारखा वास येतो. उत्तरेला जाताना तो उजवीकडून. म्हणजे संध्याकाळी जो कोपरा सगळ्यांच्या नाकात होता तो आता पुन्हा निरुपद्रवी, धूर थेट उघड्या समुद्रावर. भाऊजी होते, लातूरचे व्यापारी होते, आणखी दोघं अनोळखी. आम्हाला पाहून बोलणं थांबलं. तेच थांबणं, तिने सांगितलेलं. मलासुद्धा ते अंगावर आलं, आणि माझ्या हातात तर काहीच नव्हतं.

भाऊजी उठले. एसटीत म्हातारीला जागा देताना उठतात तसे, काही न सांगता. आपली खुर्ची फिरवून तिची पाठ वाऱ्याकडे केली आणि स्वतः त्या लाल पेटीला टेकून उभे राहिले. अनोळखी दोघांपैकी एकाने मोबाइल काढला तेव्हा भाऊजींनी फक्त एवढंच विचारलं, "किती वाजले हो?"

"पाऊण," तो म्हणाला. मोबाइल खिशात गेला.

मुलीचा लायटर पेटेना. व्यापाऱ्यांनी बाही आडवी धरली. तिने अर्धी ओढली, अर्धी वाळूत खुपसली, दोनदा दाबून बघितली विझली की नाही. उजवीकडे क्षितिजावर उजेडाचा पट्टा होता. रत्नागिरी, भाऊजी म्हणाले, आणि रत्नागिरी आगारातल्या रातराणीच्या एका गाडीची गोष्ट त्यांनी सुरू केली, जी मी घरी किमान वीसदा ऐकली आहे. घाटात दिवे गेलेल्या गाडीची. ती मुलगी पूर्ण ऐकून खाली गेली.

दिवस चौथा, सोमवार

सकाळभर धुकं. काहीच दिसलं नाही. बाराला मुंबई.

उतरताना टोकन देऊन किटली मागितली तर माझ्या नंबरवर कुणाची तरी इस्त्री निघाली. तीस-चाळीस किटल्या एका टेबलावर रांगेत, सगळ्या पांढऱ्या, सगळ्या सारख्या. आमची ओळखायला झाकणाखाली चुन्याचा थर शोधावा लागला. कल्याणच्या पाण्याचा थर लगेच ओळखू येतो.

शेजारची मुलगी सासूबाईंची बॅग ओढत पुढे गेली. मागे वळून तिने आईंना हात केला. सासूबाईंनी विचारलं असावं कोण म्हणून, कारण त्यांनीही वळून पाहिलं.

टर्मिनलच्या बाहेर येताच भाऊजींनी खिशात हात घातला. सुरक्षारक्षक लांबूनच ओरडला, "काका, इथे नाही. गेटच्या बाहेर." भाऊजी गेटच्या बाहेर गेले. तिथे टॅक्सीची रांग होती, आणि रांगेत आई व्हीलचेअरवर आधीच पोचलेल्या. त्यांनी पदर नाकाला लावला आणि भाऊजींनी काही विचारायच्या आतच हाताने रस्त्याची पलीकडची बाजू दाखवली.

भाऊजी रस्ता ओलांडून गेले. टॅक्सी मिळेपर्यंत तिथेच उभे होते.